पगार विद्यापीठाचा, हजेरी कारखान्यात

दोन वर्षं माझ्या पगाराच्या स्लिपवर एका विद्यापीठाचं नाव होतं आणि मी रोज सकाळी आठला हजर व्हायचो तो एका कारखान्यात. कोल्हापूरला फोनवर हे समजावून सांगणं महाकठीण. वडिलांची सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत गेली. त्यांच्या हिशेबात माणूस एक तर मास्तर असतो, नाहीतर कामगार. "पगार देतंय त्याचा माणूस तू," असं त्यांनी एकदाचं जाहीर करून टाकलं. पण तेही पूर्ण खरं नव्हतं, कारण विद्यापीठ देत असलेल्या पगारातले काही पैसे कारखान्याकडून येत होते आणि बरेचसे ब्रिटिश सरकारकडून.

या योजनेचं नाव नॉलेज ट्रान्सफर पार्टनरशिप. सगळे केटीपी म्हणतात. १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये ती 'टीचिंग कंपनी स्कीम' या नावाने सुरू झाली आणि २००३ मध्ये तिचं नाव बदललं. आता इनोव्हेट यूके ही सरकारी संस्था ती चालवते. कंपनीची एखादी अडचण असते, ती सोडवायला लागणारं ज्ञान विद्यापीठात असतं, आणि दोघांच्या मध्ये एक पदवीधर बसवतात. तो असोसिएट. नोकरी विद्यापीठाची, टेबल-खुर्ची कंपनीत. मुदत एक ते तीन वर्षं. कंपनी लहान किंवा मध्यम असेल तर साधारण एक तृतीयांश खर्च तिचा, मोठी असेल तर निम्मा. विद्यापीठातल्या प्राध्यापकाने सरासरी आठवड्याला अर्धा दिवस या कामाला द्यायचा. पूर्वी यात इंजिनिअरिंग आणि विज्ञानाच्या विभागांचंच राज्य होतं. २०१८ च्या सुमाराला खास व्यवस्थापनासाठी वेगळी केटीपी निघाली आणि बिझनेस स्कूल त्यात जोमाने उतरली. माझा प्रकल्प याच जातीचा.

त्या विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये मी पोचलो एमएस्सी करायला. एक वर्षाचा अभ्यासक्रम, वर्गात निम्मे भारतीय, बाकी चिनी आणि नायजेरियन, इंग्रज अगदी मोजके. पहिल्या असाइनमेंटला ६२ मार्क पडले तेव्हा मी दोन दिवस तोंड पाडून बसलो होतो. नंतर कळलं की ५० ला पास, ६० च्या पुढे मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन, म्हणजे ६२ वाईट नव्हेत. शिकवण्याची रीत वेगळी होती. लेक्चर झालं की त्याच विषयाचा सेमिनार, वीस-पंचवीस जणांचा. वाचून आला नाहीत तर तासभर गप्प बसावं लागतं, आणि ते सगळ्यांना दिसतं.

उन्हाळ्यात प्रबंधाऐवजी कन्सल्टन्सी प्रोजेक्ट घेता येत होता. मी तो घेतला खरा, पण मनात धाकधूक होती. महाराष्ट्रात एमबीए करताना मी एक समर प्रोजेक्ट केला होता. दोन महिने एका कंपनीच्या एचआर विभागात कोपऱ्यात बसून जुन्या फायली चाळल्या, शेवटी शिक्क्याचं सर्टिफिकेट मिळालं, आणि सोनेरी अक्षरांत नाव छापलेलं ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा बांधलेला अहवाल, कॉलेजात जमा केलं. ते कुणी उघडलं असेल असं मला अजूनही वाटत नाही. कॉलेजचे कंपन्यांशी करार कमी नव्हते. करार झाला की हस्तांदोलनाचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात यायचा. करारानंतर कोण कुणाकडे गेलं, हे मात्र कुठे छापून येत नसे.

इथे आमच्या चौघांच्या गटाला मिळाली ब्लॅक कंट्रीतली एक कंपनी. बर्मिंगहॅमच्या वायव्येला डडली, वॉल्सॉल, वुल्व्हरहॅम्प्टन असा जो पट्टा आहे त्याला हे नाव. विलनहॉल कुलपांचं गाव, क्रॅडली हीथ साखळ्यांचं, वॉल्सॉल खोगिरांचं. टायटॅनिकचा भला थोरला नांगर इथल्याच नेदर्टनमध्ये घडला. आता बरेचसे कारखाने बंद आहेत, पण उरलेत त्यांच्या शेडमध्ये पाय टाकला की कटिंग ऑइलचा वास येतो आणि मला थेट कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत गेल्यासारखं वाटायचं.

कंपनी धूळ ओढून घेणारी यंत्रं बनवायची. सुतारकामाचे कारखाने, फर्निचरवाले, लहान फौंड्र्या हे तिचे गिऱ्हाईक. या यंत्रणेला तिकडे एलईव्ही, म्हणजे लोकल एक्झॉस्ट व्हेंटिलेशन म्हणतात. यंत्राच्या तोंडाशी हूड, तिथून डक्ट, पुढे पंखा आणि फिल्टर. दिसायला साधी, पण तिच्यामागे कायदा उभा आहे. शिसम-सागवानासारख्या कठीण लाकडाच्या धुळीने नाकाचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून ब्रिटनमध्ये आठ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त अशी धूळ हवेत चालत नाही. २०२० पर्यंत ही मर्यादा ५ होती. आणि 'कॉश' नावाने ओळखल्या जाणाऱ्या २००२ च्या नियमांनुसार बहुतेक एलईव्हीची निदान दर १४ महिन्यांनी संपूर्ण तपासणी व्हावी लागते, तिची नोंद पाच वर्षं जपून ठेवावी लागते.

मालकीणबाईंनी आम्हाला प्रश्न घातला तो एका वाक्यात: मशिन एकदा विकलं की गिऱ्हाईक पंधरा वर्षं आमच्याकडे परत येत नाही, मधल्या काळात आम्ही काय खायचं?

बिझनेस स्कूलकडे याचं उत्तर जवळजवळ तयार होतं. वर्गात आम्ही 'सर्व्हिटायझेशन' शिकलो होतो. कारखानदाराने वस्तू विकून मोकळं न होता त्या वस्तूने होणारं काम विकायचं. १९८८ च्या एका शोधनिबंधापासून हा शब्द रूढ झाला, पण प्रकार जुना आहे. विमानाच्या इंजिनाचे पैसे उडालेल्या तासांवर घ्यायचे, ही 'पॉवर बाय द अवर' योजना १९६२ ची, ब्रिस्टल सिडलीची; पुढे ती रोल्स-रॉइसच्या नावाने प्रसिद्ध झाली. आम्ही चौघांनी स्लाइडवर लिहिलं की यंत्र विकू नका, स्वच्छ हवा विका, महिन्याला भाडं घ्या. मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मशिन बनवायला लागणारा पत्रा मी महिन्याच्या हप्त्याने घेऊ का?" आमच्या सुपरवायझर प्राध्यापकबाई मागच्या खुर्चीत बसून हसल्या. त्याच बैठकीनंतर गाडीत त्या म्हणाल्या की इथे केटीपी होऊ शकते.

अर्ज लिहायला सगळा हिवाळा गेला. तेव्हा मी त्यात अधिकृतपणे कुणीच नव्हतो. डिग्री संपली होती, शिक्षणानंतर काम करायला मिळणारा ग्रॅज्युएट रूटचा दोन वर्षांचा व्हिसा हातात होता, आणि तासावर पैसे घेऊन मी बाईंना आकडेवारी जमवून देत होतो. अर्जातल्या प्रश्नांचा मला आधी वैताग आला, नंतर आदर वाटायला लागला. यातून कंपनीचा नफा किती वाढेल एवढ्यावर ते थांबत नाहीत. विद्यापीठाकडचं नेमकं कुठलं ज्ञान कंपनीत जाणार, ते आज कंपनीत का नाही, बाजारातून कन्सल्टंट आणून हेच काम का होणार नाही, आणि अनुदानाशिवाय कंपनी हे स्वतः का करणार नाही, असंही विचारतात. शेवटच्या प्रश्नाला खरं उत्तर "कारण तेवढे पैसे नाहीत" असं असतं, पण ते कसं सिद्ध करायचं ही एक कला आहे. विद्यापीठात केवळ यासाठी एक ऑफिस असतं. तिथल्या अनुभवी बाई दर मसुद्यावर लाल शाई ओतून परत पाठवायच्या.

अनुदान मंजूर झालं आणि मग वकील आले. विद्यापीठ आणि कंपनी यांना बांधणारा करार लागतो. यातून जे काही निर्माण होईल त्याची मालकी कुणाची, प्राध्यापकांना त्यावर लिहिता येईल का, छापण्याआधी कंपनीला मसुदा किती दिवस आधी दाखवायचा. बौद्धिक संपदेचा शब्द निघाला की दोन्हीकडचे वकील एकदम टवटवीत होतात. खरं तर वाटून घ्यावं असं काही अजून जन्मालाही आलं नव्हतं. तरी महिने गेले.

असोसिएटची जागा उघड जाहिरातीने भरावी लागते. मीही रीतसर अर्ज केला, मुलाखत दिली. पॅनेलवर एका बाजूला विद्यापीठ आणि दुसऱ्या बाजूला कंपनी. विद्यापीठाने मला संशोधनपद्धतीवर प्रश्न विचारले. कंपनीच्या सर्व्हिस मॅनेजरने एकच विचारला: "व्हॅनमधून फिरायची तयारी आहे का?"

माझं काम खऱ्या अर्थाने सुरू झालं ते व्हॅनमध्येच. कामाच्या आराखड्यात पहिले तीन महिने 'सद्यस्थितीचा अभ्यास' होता आणि मी ऑफिसात बसून सिस्टिममधून गिऱ्हाइकांची यादी काढत होतो. ती यादी म्हणजे निव्वळ विक्रीची बिलं होती. मशिन विकलं तेव्हा कुणी घेतलं एवढंच तिच्यात. आज ते मशिन कुठे आहे, चालू आहे की भंगारात गेलं, मधे कारखाना विकला गेला का, याचा पत्ता नाही. हा सगळा ऐवज सर्व्हिस इंजिनिअरांच्या डोक्यात आणि त्यांच्या डायऱ्यांत होता. फेल्टचा फिल्टर कुठे चोंदतो, कुठला सुपरवायझर डक्टमधली झडप, म्हणजे डॅम्पर, बंद करून ठेवतो, कोण तपासणीची तारीख हमखास विसरतो, सगळं त्यांना तोंडपाठ. कंपनी मात्र सर्व्हिस विभागाकडे खर्चाचा खड्डा म्हणून बघत होती.

केटीपीत असोसिएटला प्रशिक्षणासाठी वर्षाला २००० पौंड असतात आणि कामाचा दहा टक्के वेळ स्वतःच्या शिक्षणाला द्यायची मुभा असते. बहुतेक जण त्यातून प्रोजेक्ट मॅनेजमेंट किंवा नेतृत्वाचे कोर्स करतात. मी एलईव्ही तपासणीचा पी६०१ हा कोर्स केला. विद्यापीठातून एक इमेल आला: हे तुमच्या करिअरशी कसं जुळतं? करिअरशी ते फारसं जुळत नव्हतं, पण त्यानंतर स्मोक मशिन आणि हवेचा वेग मोजणारं अनेमोमीटर घेऊन मी हूडखाली वाकायला लागलो तेव्हा इंजिनिअरांनी डायऱ्या उघडून दिल्या. त्यातला सगळ्यात ज्येष्ठ मला 'बॅब' म्हणायचा. बर्मिंगहॅमकडे लाडाने कुणालाही तसं म्हणतात. आपल्याकडे 'बाळा' म्हणतात तसं.

दर चार महिन्यांनी लोकल मॅनेजमेंट कमिटीची, म्हणजे एलएमसीची, बैठक व्हायची. अध्यक्ष कंपनीचा माणूस, म्हणजे मालकीणबाई. समोर प्राध्यापक, आणि सरकारच्या वतीने एक केटीपी सल्लागार. शॉपफ्लोअरच्या वरच्या खोलीत चहा-बिस्किटं, खाली प्रेसचा धाडधाड आवाज, आणि प्रगतीचा पाढा मी वाचायचा. सल्लागार निवृत्तीला आलेले गृहस्थ होते, शांत. आकडे ठीक आहेत की नाहीत याची त्यांना फारशी पर्वा नसे. प्रत्येक बैठकीत एकदा तरी ते विचारायचे, "हा उद्या निघून गेला तर यातलं काय कंपनीत राहील?"

पहिल्यांदा मी सांगितलं, अहवाल राहील. त्यांनी मान हलवली नाही. पुढच्या वेळी म्हणालो, एक्सेलमधलं किमतीचं मॉडेल राहील. ते म्हणाले, "तुमच्याशिवाय ते कोण उघडतं?" मालकीणबाईंनी खाली बघितलं. तिथून मी मॉडेल बनवायचं थांबवलं आणि अकाउंट्समधल्या एका मुलीला शेजारी बसवून तिच्याकडून बनवून घ्यायला लागलो. वेळ दुप्पट लागला. उद्योग आणि विद्यापीठ यांच्या सहकार्यावर बोलताना लोक प्रयोगशाळा, निधी, पेटंट यांची नावं घेतात. माझ्या मते ते टिकतं की नाही याची परीक्षा त्या म्हाताऱ्यांच्या प्रश्नात होती, आणि आमच्या ब्लॅक बुकच्या काळात तो कुणी विचारलाच नव्हता.

योजना अडली ती भलत्याच ठिकाणी. हवा भाड्याने द्यायची, यंत्र कंपनीच्या मालकीचं, गिऱ्हाईक महिन्याला पैसे देणार, हे कागदावर चोख दिसत होतं. पण मशिन बनवायचा खर्च आज आणि वसुली सात वर्षांत, म्हणजे खेळतं भांडवल अडकणार. पत्र्याबद्दलचा तो पहिल्या दिवशीचा प्रश्नच अखेर बरोबर ठरला. रोल्स-रॉइसला जे झेपतं ते साठ माणसांच्या कंपनीला झेपत नाही, हे आमच्या वाचनाच्या यादीतल्या निबंधांत मला कुठे ठळकपणे दिसलं नव्हतं. म्हणून आम्ही यंत्र विकतच ठेवलं आणि वर्षाचा करार वेगळा काढला: १४ महिन्यांच्या आतली तपासणी, फिल्टर बदलणं, आणि फिल्टरच्या दोन बाजूंचा दाबातला फरक मोजणारा एक सेन्सर. फिल्टर चोंदला की हा फरक वाढतो. तो किती वाढला की जायचं, हे त्या डायऱ्यांमधूनच ठरलं.

एवढं करूनही करार खपेनात. प्राध्यापकबाईंनी गिऱ्हाइकांच्या मुलाखती घ्यायला सांगितल्या, मी घेतल्या. बऱ्याच जणांचं म्हणणं, आम्हाला हे हवंय, पण तुमच्या विक्रीवाल्याने कधी सांगितलंच नाही. मग बाईंनी विक्री विभागाच्या पगाराचे नियम मागवले आणि दहा मिनिटांत बोट ठेवलं. कमिशन मशिनच्या किमतीवर, बिल निघालं की लगेच. वार्षिक कराराला जवळजवळ शून्य. विक्रेत्याने करार समजावून सांगत गिऱ्हाइकाकडे आणखी तासभर कशाला बसावं? कमिशनचा नियम बदलायला मालकीणबाईंना दोन एलएमसी लागल्या, कारण त्यांचा सगळ्यात चांगला विक्रेता त्यांचा चुलतभाऊ होता. तो नियम बदलला आणि करार हलायला लागले. दोन वर्षांच्या सगळ्या तक्त्यांपेक्षा कंपनीला उपयोगी पडली ती ही एक दुरुस्ती, असं मला वाटतं, आणि ती अर्जात कुठेही नव्हती.

प्राध्यापकबाई हे सगळं परोपकार म्हणून करत नव्हत्या, आणि ते त्या लपवतही नसत. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाची काही वर्षांनी एकदा मोजणी होते, रिसर्च एक्सलन्स फ्रेमवर्क नावाची. तिच्यावर सरकारी पैसा ठरतो. २०२१ च्या फेरीत ६० टक्के वजन शोधनिबंधांना होतं, १५ टक्के संशोधनाच्या वातावरणाला, आणि २५ टक्के 'इम्पॅक्ट'ला. इम्पॅक्ट म्हणजे तुमच्या संशोधनाने विद्यापीठाबाहेर काय बदललं, पुराव्यासकट. आधीच्या, २०१४ च्या फेरीत हाच वाटा २० टक्के होता. तो वाढल्यापासून बिझनेस स्कूलमध्ये कारखान्यात जाणाऱ्या प्राध्यापकाला जरा मान आला. तरी बढतीच्या वेळी आधी बघतात ती जर्नलची यादी, एक ते चार तारे, आणि चारावर तारा असलेला आणखी एक वरचा वर्ग. बाई म्हणायच्या, मला कंपनीला जूनपर्यंत उत्तर द्यायचंय, आणि जर्नलचा रिव्ह्यूअर जूनपर्यंत इमेलही उघडणार नाही.

दुसऱ्या वर्षी त्यांनी आमचा प्रकल्प केस म्हणून वर्गात आणला. मी बोलणार होतो, पण सोबत त्या ज्येष्ठ इंजिनिअरलाही बोलावलं. तो शाळेनंतर थेट कामाला लागलेला माणूस. विद्यापीठात पहिल्यांदाच येत होता आणि त्यासाठी टाय लावून आला. एमएस्सीची मुलं सबस्क्रिप्शन मॉडेलवर उत्साहाने बोलत होती. त्याने पिशवीतून एक चोंदलेला फिल्टर काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, हा बदलायचे पैसे वाचवणाऱ्या मालकाला तुम्ही महिन्याचं भाडं कसं विकाल ते सांगा. वर्ग गप्प. मग पुण्याच्या एका मुलीने विचारलं की मालकाऐवजी त्याच्या विमा कंपनीशी बोललात का? बाईंनी ते लगेच वहीत लिहून घेतलं. पुढे कंपनीने त्या दिशेने खरोखर चाचपणी केली.

मुदत संपताना प्रत्येक बाजूचं म्हणणं घेऊन शेवटचा अहवाल तयार करतात. माझा व्हिसा मधल्या काळात विद्यापीठाने स्किल्ड वर्करवर नेला होता. नंतर कंपनीने नोकरी देऊ केली आणि पुन्हा सगळे कागद नव्याने झाले. अकाउंट्समधली ती मुलगी आता किमतीचं मॉडेल एकटी चालवते. तिने त्यात केलेले काही बदल मला समजावून घ्यावे लागले.

बाई, मी आणि आणखी एक सहलेखक, आमचा निबंध अजून जर्नलकडे आहे. सुधारून पुन्हा पाठवा असं उत्तर आलंय. करारातल्या अटीप्रमाणे तो छापायच्या आधी मालकीणबाईंना दाखवावा लागला. त्यात कंपनीचं नाव नाही, नुसतं 'मध्य इंग्लंडमधली एक लघुउत्पादक संस्था' आहे. त्यांनी पहिली दोन पानं वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "यातली कंपनी आपलीच ना?" हो म्हटलं. म्हणाल्या, छापा, हरकत नाही, पण कमिशनचा भाग साध्या इंग्रजीत एका पानावर लिहून दे, चुलतभावाला द्यायचाय.